असू द्या

चौतीस वर्षं नारायण पेठेतल्या छापखान्यात
मी लोकांच्या चुका काढल्या.
ह्रस्वाचे दीर्घ केले, ‘न’चे ‘ण’.
पंचांगातली एकादशी एकदा द्वादशीला पडली होती,
ती मीच पकडली, रात्री सव्वाअकराला,
यंत्र सुरू व्हायच्या आधी.
मला कधी कुणी घाबरलं नाही.
लाल शाईला कोण घाबरतं?

आता वरच्या मजल्यावरचा निहार येतो
मोबाइल पुढे धरून.
काका, एवढं बघता? यात काही चूक नाही ना?
तीन ओळी. नदीकाठच्या तोडलेल्या झाडांबद्दल.
मी चष्मा लावतो.
‘वृक्ष’ बरोबर. ‘निषेध’मधला पोटफोड्या ष बरोबर.
चूक नाही, म्हणतो.
तो म्हणतो, तशी नाही हो. ती दुसरी.

ती दुसरी
शुद्धलेखनाच्या कुठल्याच नियमात सापडत नाही.

मार्चमध्ये त्याला फोन आला होता.
आवाज अगदी सभ्य.
साहेबांनी सहज बोलावलंय, चहाला.
आणि चौकीत चहा खरंच दिला म्हणे, आलं घातलेला.
टेबलावर त्याच्याच पोस्टच्या छापील प्रती,
क्लिप लावून,
समासात पेन्सिलीच्या खुणा.
कसल्या खुणा, मी विचारलं. धंद्याची खोड.
माहीत नाही, म्हणाला,
एका शब्दाखाली रेघ होती.
शब्द होता ‘आपण’.

त्या दिवसापासून त्याच्या लॅपटॉपच्या डोळ्यावर
आईची मरून टिकली.
मग त्या टिकलीची जिन्याजिन्यात साथच आली.
ढमढेरे वहिनी फोन तांदळाच्या डब्यात ठेवतात
आणि मग सुनेबद्दल बोलतात.
म्हटलं, वहिनी, सरकारला तुमच्या सुनेत काय रस?
म्हणाल्या, नाही असं तुम्हाला कोण म्हणालं?
मला उत्तर आलं नाही.

हे शहर दारावर लिहायचं.
बेल एकदाच वाजवा, आम्ही बहिरे नाही.
पत्ता सांगण्याचा आमचा व्यवसाय नाही.
कुणाच्या बापाला न भिता, ऑइलपेंटनं.
आता त्याच दारांआड माणसं वाक्य टाइप करतात,
थांबतात,
आणि मागून एकेक अक्षर खातात,
उंदरानं भाकरी खावी तसं, कडेकडेनं.
मनाई कुणीच केलेली नाही.
मनाईचा कागद असता
तर मी त्यातल्याही चुका काढल्या असत्या.

भिंतीला कान असतात, आई म्हणायची.
असतील. पण भिंत आपल्या जागी उभी असायची.
चार पावलं लांब जाऊन,
पर्वतीच्या मागच्या बाजूला बसून
माणूस हवं ते बोलून यायचा.
ही भिंत खिशात.
रात्री उशाशी, चार्जिंगला,
आपणच लावलेली.

मी तरी कुठला शूर?
गेल्या आठवड्यात भाचीच्या फोटोखाली लिहिलं,
गोड दिसतेस. बाकी काय चाललंय देशात?
आणि ‘देशात’ खोडलं.
उगीच.
खोडल्यावर बोट शर्टाला पुसलं,
शाई लागल्यासारखं.

काल निहार त्या ओळी कागदावर घेऊन आला.
मधली ओळ त्यानंच खोडलेली, निळ्या पेननं, दोनदा.
आता ठीक आहे?
मी वाचलं.
खोडलेलंच जास्त वेळ वाचलं.
साधी ओळ होती: ‘आपण विचारलं तर पाहिजे.’

खण उघडला. लाल पेन वाळलेलं,
झटकलं, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर गिरवलं,
मग त्या ओळीखाली टिंबं देत गेलो,
एक, एक, एक,
शेवटच्या अक्षरापर्यंत.

म्हणजे काय, काका?

छापखान्यात याचा अर्थ एकच. खोडलेलं राहू द्यायचं.
असू द्या, मी म्हणालो,
आणि आवाज जरा मोठाच निघाला.
टेबलावर पालथ्या पडलेल्या फोनकडे
आम्ही दोघांनीही पाहिलं.